पट्टीच्या आतली खुर्ची

माझ्या पार्लरमधली दुसरी खुर्ची भाड्याने द्यायची ठरवली, तेव्हा मला भाडेकरू हवी होती, शाळेतली बाई नव्हे. पण आली ती अशी, की पहिल्याच दिवशी तिनं मला धडा वाचायला बसवलं.

करार दोन पानी होता. माझ्या भाच्यानं कुठून तरी मिळवून छापून आणला होता आणि मी त्यातली सहीची जागा तेवढी पाहिली होती. ही मात्र चष्मा लावून एकेका ओळीवर बोट ठेवत वाचत सुटली. मी दोनदा चहाचं विचारलं. "आधी हे होऊ द्या," ती म्हणाली. वय पंचेचाळिशीचं, अंगानं सडपातळ, केस मानेवर आखूड कापलेले, पायात जाड तळव्यांचे बूट. दिवसभर उभं राहून पोट भरणारी माणसं असलेच बूट घालतात. सातव्या कलमाशी तिचं बोट थांबलं.

"खुर्ची घेणारी व्यक्ती आपल्या कामाच्या वेळा, दर आणि पद्धत स्वतः ठरवेल. हे तुम्हाला मान्य आहे ना, ताई?"

"छापलंय म्हणजे मान्यच की."

"छापलंय ते मला दिसतंय. मी तुम्हाला विचारतेय."

"आहे बाई, मान्य आहे!" मी म्हटलं. इतक्या सहज मी आयुष्यात कशालाच हो म्हटलं नव्हतं. लग्नालासुद्धा विचार करायला आठ दिवस मागून घेतले होते.

दुसऱ्या दिवशी ती आपली ट्रॉली घेऊन आली. तीन खणांची, चाकांची, कुलूप असलेली. सोबत मोजपट्टी आणि पिवळ्या चिकटपट्टीचं एक रीळ. करारात सहा फूट बाय सात फूट असं लिहिलं होतं. तिनं गुडघे टेकून मापं घेतली आणि खुर्चीभोवती, आरशापासून खिडकीपर्यंत, जमिनीवर सरळ पिवळी चौकट चिकटवली. मी कमरेवर हात ठेवून बघतच राहिले.

"हे काय?"

"माझी जागा."

"अगं, मला माहीत आहे तुझी जागा कुठली ती."

"आज माहीत आहे," ती म्हणाली आणि पट्टीचा कोपरा अंगठ्यानं दाबून बसवला.

त्या दिवसापासून मी तिला पट्टी म्हणू लागले. आधी पाठीमागे, मग तोंडावर. तिला काही वाटलं नाही. ट्रॉलीच्या कुलपाची दुसरी किल्ली तिनं पाकिटात घालून, पाकीट चिकटवून, चिकटवलेल्या जागेवर आडवी सही करून माझ्याकडे दिली. पाणी गळलं, आग लागली, असं काही झालं तरच उघडायचं. मी ते माझ्या खणात टाकलं आणि विसरले.

ती चौकटीपर्यंतच झाडायची. तिच्या गिऱ्हाइकाचे केस उडून माझ्या बाजूला आले, तर चौकटीच्या कडेला उभी राहून विचारायची, "ताई, येऊ का?" मी हो म्हटलं की यायची, केस गोळा करायची आणि परत जायची. पहिला आठवडा मला वाटलं, ही माझी थट्टा करते आहे. नंतर कळलं, की थट्टा हिच्या स्वभावातच नाही.

आता माझंही सांगते. मी बारा वर्षं हे पार्लर चालवत होते. चार मुली माझ्या हाताखालून शिकून गेल्या. माझी जीभ हुकूम सोडायला सरावलेली. माझा अॅप्रन गुलाबी, तर हिनंही गुलाबी घालावा असं मला वाटायचं. ही काळा घालायची. मी दहाला शटर उघडायची, ही साडेअकराला उगवायची.

"समजा, अकराला कुणी आलं तर?"

"माझं कुणी अकराला येत नाही. तुमचं आलं, तर तुम्ही आहात."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. पण तिचं काम बघितलं की राग गिळावा लागायचा. मी भुवया, फेशियल, साधी कापणी यांत कुणाला हार जाणार नाही, पण केसांना रंग लावावा तो तिनंच. दोन ट्यूबा, वाटीत ब्रशनं फेटताना मध्येच तिसरीतला थोडा, असं काहीतरी करायची आणि असा तपकिरी रंग उतरायचा की बाई दहा वर्षांनी लहान दिसे, पण रंगवलेली दिसत नसे. तिची गिऱ्हाइकं गावाच्या दुसऱ्या टोकाहून यायची.

आणि प्रत्येकीला तिचा एकच कायदा. पहिल्या दिवशी कानामागे रंगाचा ठिपका. दोन दिवस थांबायचं. खाज नाही, लाली नाही, सूज नाही, मग रंग. दर वेळी. मागच्या महिन्यात लावला होता म्हणून सूट नाही. तिची स्वतःची सासू रंग लावायला यायची, तर तिच्याही कानामागे ठिपका आणि "परवा या."

"घरात एका ताटलीतून खातो आम्ही," सासूबाई माझ्या सोफ्यावर बसून कुरकुरायच्या, "आणि इथे आलं की मला 'परवा या' म्हणते. घरी लाव म्हटलं, तर म्हणते घरी मी सून आहे."

मला वाटलं, हिच्या हातून कधीतरी कुणाचं तरी तोंड सुजलं असणार. एवढा कडकपणा उगाच येत नाही. एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा मी जपून विषय काढला.

"तुझ्या हातून कुणाला काही झालं होतं का गं?"

"नाही."

"मग ओळखीत कुणाला?"

"नाही."

"मग हे ठिपक्याचं एवढं काय?"

तिनं ट्रॉलीतून रंगाचा डबा काढून माझ्या हातात दिला. "इथे लिहिलंय की," ती म्हणाली.

खरंच लिहिलं होतं. बारा वर्षं मी ते डबे हाताळत होते आणि ती बारीक अक्षरं कधी वाचली नव्हती. मी डबा परत दिला आणि उगीचच फरशी पुसायला घेतली.

तिची खरी गोष्ट मला सासूबाईंकडून कळली. एकोणिसाव्या वर्षी ती एका मोठ्या पार्लरमध्ये पगारावर लागली. तिथे सोळा वर्षं. मालकीण म्हणेल तेवढेच केस कापायचे, म्हणेल तो रंग, म्हणेल तेव्हा जेवण. नाही हा शब्द तिथे गिऱ्हाईक वापरत असे आणि मालकीण वापरत असे. सोडायचं ठरवलं तेव्हा तिनं आपली कात्री मागितली. स्वतःच्या पैशानं घेतलेली, हाताला बसलेली कात्री. मालकीण म्हणाली, कात्री माझ्या खणात आहे, म्हणजे माझी आहे. ही रिकाम्या हातानं घरी आली, सासूसमोर बसली आणि म्हणाली, "आई, पगारावर मी परत बसणार नाही. उपाशी राहीन." सासूबाई सांगताना म्हणाल्या, "मी म्हटलं, उपाशी कशाला राहतेस, मी आहे ना." त्यानंतर दहा वर्षं ती घरोघर जाऊन रंग लावत होती, पिशवीत सामान घालून, लोकांच्या न्हाणीघरांत वाकून. माझ्याकडची खुर्ची ही तिची पहिली स्वतःची खुर्ची.

हे ऐकून मी तिच्याशी चांगलं वागायला लागले असेन, असं तुम्हाला वाटेल. मलाही तसं वाटलं होतं.

आमच्या जागेची मालकीण वरच्याच मजल्यावर राहायची. तिला आम्ही वरच्या बाई म्हणायचो. माझा जागेचा करार दर तीन वर्षांनी नवा व्हायचा आणि तो संपायला दोन महिने राहिले होते. एका सोमवारी चार वाजता वरच्या बाई खाली आल्या आणि थेट पट्टीच्या खुर्चीत बसल्या.

"बुधवारी सकाळी आमच्या शाळेच्या वर्गाच्या सगळ्या मैत्रिणी जमणार आहेत. चाळीस वर्षांनी. हे पांढरं सगळं गेलं पाहिजे. लाव."

पट्टीनं त्यांचे केस उचलून पाहिले, कान पुढे केला. "आज ठिपका लावते. परवा चार वाजता रंग."

"परवा सकाळीच तर जायचंय!"

"मग या वेळी नाही जमणार."

वरच्या बाईंनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला चांगली कळली. मी पट्टीला खुणेनं बाजूला बोलावलं, करार संपत आल्याचं सांगितलं, हात जोडले. होय, जोडले.

"अगं, एकदाच. माझ्यासाठी."

"ताई, तुमच्यासाठी मी रविवारी येऊन पार्लर धुऊन देईन. हे नाही करणार."

"जागा गेली तर तुझी खुर्ची कुठे राहील?"

"ते मला कळतंय," ती म्हणाली. पण मान हलली नाही.

वरच्या बाई तणतणत निघून गेल्या. मंगळवारी पट्टीची सुट्टी असायची. मंगळवारी दुपारी मी खणातून पाकीट काढलं आणि तिच्या सहीच्या मधोमध फाडलं. सहा महिने आरशातून बघून मला प्रमाण पाठ झालं होतं. वरच्या बाईंना हाक मारली, तिच्या खुर्चीत बसवलं, तिच्या ट्यूबांनी, तिच्या ब्रशनं रंग लावला. तिच्याइतका नाही, पण छान उतरला. ना खाज, ना लाली. बाई खूश. बुधवारी त्या मैत्रिणींत मिरवून आल्या. मी वापरलेल्या ट्यूबांच्या जागी नव्या आणून ठेवल्या आणि पाकिटावर जाड कागद चिकटवला, जसं काही तिला दिसणारच नव्हतं.

त्याच बुधवारी साडेअकराला ती आली. तिनं ट्रॉली उघडली, ब्रश हातात घेतला, त्याच्या मुळाशी राहिलेला रंग नखानं खरवडला.

"पाणी गळलं होतं का, ताई?"

मी खोटं बोलणार होते. पण तिच्या चेहऱ्याकडे बघून जमेना. मग मी जे कुणीही करतं तेच केलं, उलट चढून बसले. "लावला मी रंग! आणि बघ, काही झालं नाही! काहीसुद्धा झालं नाही!"

"काही झालं नाही हे तुम्हाला लावल्यावर कळलं," ती म्हणाली. "मला ते लावायच्या आधी कळायला हवं असतं."

मला वाटलं, आता सामान आवरेल. खरं सांगते, मला तेच हवं होतं. ती गेली असती तर मला तिच्याकडे बघावं लागलं नसतं. पण तिनं एक कोरा कागद घेतला, मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि आपल्या आरशाच्या चौकटीला पिवळ्या पट्टीनं चिकटवलं.

'मंगळवारी या खुर्चीवर झालेलं काम मी केलेलं नाही.'

"काढ तो कागद! हे माझं पार्लर आहे."

"आरसा करारात आहे. तिसरं कलम."

"पट्टी, तू माझ्या डोक्यावर मिरे वाटायला आली आहेस का?"

"त्यात खोटं काय आहे ते सांगा. लगेच काढते."

खोटं काही नव्हतं. मी धाडकन दार लावून मागच्या खोलीत गेले आणि तिथे कोरडे असलेले टॉवेल पुन्हा धुवायला टाकले. त्या दिवशी तिनं ट्रॉलीचं कुलूप बदललं. नवं पाकीट मला मिळालं नाही.

तो कागद वरच्या बाईंच्या नजरेस पडायला दोन दिवस लागले. तोवर येणाऱ्या प्रत्येकीनं तो वाचला होता आणि मंगळवारी कुणाचं डोकं रंगलं हे सगळ्या आळीला माहीत झालं होतं. बाई तोंड लाल करून आल्या.

"माझ्या डोक्याची जाहिरात लावली आहे इथे? ऐक, ही बाई या महिन्याअखेर गेली पाहिजे. नाहीतर तुझा करार मी पुढे करत नाही. ही जाईल, नाहीतर दोघी जाल. ठरव."

हे पट्टीच्या देखत झालं. ती तेव्हा एका गिऱ्हाइकाच्या केसांचे भाग पाडून क्लिपा लावत होती. तिनं उरलेल्या तिन्ही क्लिपा नीट लावल्या. मग मला म्हणाली, "माझा करार अजून पाच महिन्यांचा आहे. जागाच गेली तर माझं काही चालणार नाही. पण जागा आहे तोवर मी उठणार नाही."

"मी उठ म्हटलं तरी?"

"तुम्ही म्हणून बघा."

मी म्हणणार होते. शपथेवर सांगते, सोमवारी सकाळी म्हणायचं असं मी पक्कं ठरवलं होतं. घरी यांनाही तसं सांगून टाकलं. हे म्हणाले, "तुझी जागा, तू ठरव," आणि पेपर उघडला.

रविवारी पार्लर बंद असतं. माझा चष्मा तिथेच राहिला होता म्हणून मी दुपारी गेले, तर शटर अर्धं वर. वाकून आत गेले. आत वरच्या बाई आणि दोन अनोळखी माणसं. एकजण माझ्या भिंतीवर टेप धरून माप घेत होता. दुसरा पट्टीच्या चौकटीत, तिच्या खुर्चीत, पाय पसरून बसला होता. माझे टॉवेल कपाटातून काढून सोफ्यावर टाकलेले, कारण त्यांना कपाटाची खोली मोजायची होती.

"बाई, हे काय चाललंय?"

"काही नाही गं. बघायला आलेत. औषधांचं दुकान काढायचंय त्यांना. तू काय ते ठरवशील, पण आपण बघून ठेवलेलं बरं."

"मला विचारायचं तरी!"

"माझीच जागा, माझीच किल्ली. त्यात विचारायचं काय?" त्या हसल्या. "आणि नेलं का तुझं काही? काही झालं नाही ना?"

हे शब्द मी ओळखले. त्याच खोलीत, चारच दिवसांपूर्वी, मी ते याहून मोठ्या आवाजात म्हटले होते. मला लाज वाटली, आणि लाजेच्या मागोमाग राग आला.

"उठा," मी खुर्चीतल्या माणसाला म्हटलं. "ती खुर्ची भाड्यानं दिलेली आहे. मीसुद्धा तिथे विचारल्याशिवाय बसत नाही." हे खोटं होतं, पण त्या क्षणापासून खरं करायचं ठरवलं.

"तू कुणाशी बोलते आहेस?" वरच्या बाई म्हणाल्या.

"तुमच्याशी. जागा तुमची आहे, मान्य. पण दोन महिने ती माझ्याकडे आहे. भाडं देते मी, पगार घेत नाही तुमच्याकडून. तिघंही बाहेर व्हा. आणि ती कुठेही जाणार नाही. तिला काढायचं असेल तर मला काढा."

"काढलंच समज!"

"समजले! आणि बाई, मंगळवारी रंग लागला तो नशिबानं लागला. पुढच्या वेळी डब्यावरचं वाचा."

ते गेले. मी टॉवेल घडी करून कपाटात ठेवले. खुर्चीचे हात पुसले. मग पट्टीच्या कागदाखाली उरलेल्या जागेत, गिऱ्हाइकांची नावं लिहायच्या जाड पेनानं लिहिलं, 'ते मी केलं.' आणि सही ठोकली.

सोमवारी साडेअकराला तिनं ते वाचलं. बराच वेळ वाचत होती, जसं काही दोन पानांचा करारच आहे. मग कागद काढला, घडी केली आणि ट्रॉलीच्या वरच्या खणात ठेवून दिला. मी रविवारचं सगळं सांगितलं.

"म्हणजे जागा गेली," ती म्हणाली.

"गेली."

"माझ्यामुळे."

"तोंड सांभाळ. माझी जागा मी माझ्या तोंडानं घालवली आहे. त्याचं श्रेय तुला मिळणार नाही."

ती हसली. सहा महिन्यांत पहिल्यांदा. पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेले होते, ते मला तेव्हा कळलं.

दोन महिने आम्ही त्या जागेत शेवटच्या दिवसापर्यंत काम केलं. एक तासही आधी सोडली नाही. वरच्या बाई जिन्यावरून जाता-येता तोंड फिरवत. त्यांच्या भांगात हळूहळू पांढरी रेघ उमटली, रुंद झाली. मला हळहळ वाटली नाही. मी काही संत नाही.

नवी जागा दोन गल्ल्या पलीकडे, पहिल्या मजल्यावर आहे, जुनीच्या जेमतेम निम्मी. सोफा मावला नाही. सासूबाई आता प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून कुरकुरतात. घरमालकासमोर मी करार चष्मा लावून, बोट ठेवून वाचला. पट्टी शेजारी बसली होती. मी एका ओळीवर थांबले आणि म्हटलं, "न विचारता आत यायचं नाही, असं यात लिहा." तो म्हणाला, असं कुणी लिहीत नाही. मी म्हटलं, मग मी सही करत नाही. त्यानं लिहिलं.

सामान लावून झाल्यावर तिनं गुडघे टेकून पिवळी चौकट आखली. या वेळी पाच फूट बाय सहा, कारण जागाच तेवढी. दुसऱ्या दिवशी सकाळी नवं पार्लर उघडायचं होतं. पन्नास-साठ बायकांना मी बोलावून ठेवलं होतं. दोन महिन्यांच्या धावपळीत माझ्या स्वतःच्या डोक्याकडे बघायला वेळ मिळाला नव्हता. आरशात पाहिलं, तर भांगाच्या दोन्ही बाजूंना चांगले दोन बोटं पांढरे. मी चौकटीच्या कडेशी जाऊन उभी राहिले.

"येऊ का?"

"या."

"रंग लाव गं. उद्या सगळ्या येणार आहेत."

तिनं मला खुर्चीत बसवलं. कान पुढे केला. ब्रशच्या टोकानं कानामागे गार ठिपका टेकवला आणि झाकण लावायला लागली.

"परवा या," ती म्हणाली.

"अगं, उद्या उद्घाटन आहे! माझं! माझ्याच पार्लरचं!"

"परवा."

मी तिच्याकडे पाहिलं. आरशातून तिनं माझ्याकडे पाहिलं. मी उठले, तिची खुर्ची सरळ केली आणि चौकट ओलांडून माझ्या बाजूला आले.

दुसऱ्या दिवशी मी नवी कोरी साडी नेसून, डोक्यावर दोन बोटं पांढऱ्या केसांची रेघ घेऊन दारात उभी राहिले. पहिल्याच बाईनं आत यायच्या आधी माझ्या डोक्याकडे बघून विचारलं, "हे काय? पार्लरवालीच अशी?"

"हो," मी मान ताठ ठेवून म्हटलं. "माझा नंबर परवा आहे."